पेन्सिलीने दुरुस्त केलेली कादंबरी



माझ्या घरातील पुस्तकांच्या कपाटात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची एक जुनी प्रत आहे. तिची शिवण उसवली आहे, वर खाकी कागदाचे वेष्टन आहे आणि आतल्या पहिल्या पानावर एका हायस्कुलाचा जांभळा गोल शिक्का आहे. शिक्क्याखाली तांबड्या शाईने 'किंमत वसूल' असा शेरा मारलेला आहे. ही प्रत मी विकत घेतलेली नाही आणि मला ती कोणी भेटही दिलेली नाही. शाळेतील मुलांनी वास्तववादी कादंबऱ्या आपल्या आपण कशा वाचाव्यात, आणि त्या वेळी मोठ्यांनी काय करावे व काय करू नये, याविषयी मला जे थोडेफार उमगले ते या प्रतीमुळे. म्हणून तिची हकिगत आधी सांगते.

तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून ही पदवी घेत आहात. अनेकांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत. काही जण स्वतःच शिक्षक आहेत. त्यामुळे या निबंधातील चूक तुमच्याही हातून घडू शकेल, किंवा एखाद्या वेळी तुमच्याच बाबतीत ती घडून गेली असेल.

माणदेशाच्या कडेला असलेल्या एका गावातील हायस्कुलात मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले तो 1993 सालचा जून महिना. एम. ए. आणि बी. एड. नुकतेच झाले होते, वय चोवीस. मी साताऱ्यात एका प्राथमिक शिक्षकाच्या घरी वाढले. वडील सकाळी चहा घेताना वर्तमानपत्रातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आम्हां भावंडांना मोठ्याने वाचून दाखवीत. भाषा अंगावरच्या कपड्यांसारखी स्वच्छ असावी, असे ते म्हणत. मला ते इतके पटले होते, की वर्गातला मुलगा बोलू लागला म्हणजे तो काय सांगतो आहे हे कळण्याआधी त्याच्या चुका माझ्या कानांवर पडत. फळ्यावर उभी रेघ ओढून मी दोन रकाने करी. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. डावीकडे 'न्हाई', उजवीकडे 'नाही'. डावीकडे 'व्हतं', उजवीकडे 'होते'. डावीकडे 'गेल्तो', उजवीकडे 'गेलो होतो'. मुले हे वहीत उतरवून घेत. परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न असे आणि मुले त्यात चांगले गुण मिळवीत. ते गुण पाहून मला माझ्या शिकवण्याचे समाधान वाटे.

शाळेत ग्रंथालय होते, पण ते मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाटात होते. मी खटपट करून त्यातील छत्तीस पुस्तके एका पत्र्याच्या ट्रंकेत काढून घेतली आणि ती ट्रंक वर्गात आणून ठेवली. तिला आम्ही पुस्तकपेटी म्हणू. तीत साने गुरुजींची 'श्यामची आई' होती, ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' होती आणि 'बनगरवाडी' होती. प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक न्यावे आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत त्याची टिपण-वही दाखवावी, असा नियम मी केला. वहीत सहा मथळे आखून दिले होते: पुस्तकाचे नाव, लेखक, मुख्य पात्रे, कथानक, आवडलेला प्रसंग आणि तात्पर्य.

त्या शेवटच्या मथळ्यापाशी आज मला थांबावेसे वाटते. 'श्यामची आई' वाचून मूल काही ना काही तात्पर्य लिहू शकते. ते पुस्तकही संस्कार करण्याच्याच हेतूने लिहिलेले आहे. पण 'बनगरवाडी'चे तात्पर्य कोणी काय लिहावे? औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळा मास्तर जातो, शाळा चालवतो, लोकांच्या भांडणांत आणि सुखदुःखांत गुंततो, त्यांच्याकडून तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी उठून जाते. यात कोणाला चांगुलपणाचे बक्षीस मिळत नाही की वाईटपणाची शिक्षा होत नाही. माणसे जशी असतात तशी आहेत आणि पाऊस पडत नाही. वास्तववादी कादंबरीकडे तात्पर्य मागणे म्हणजे शेजाऱ्याच्या आयुष्याकडे तात्पर्य मागण्यासारखे आहे. हे मला तेव्हा कळत नव्हते. मी मागत होते आणि मुले बिचारी देत होती. 'पाण्याची बचत करावी' असे तात्पर्य एका मुलीने लिहिले होते आणि मी त्यावर 'छान' असा शेरा दिला होता.

त्या वर्षी नववीत मागच्या बाकावर एक मुलगा बसे. सहा-सात किलोमीटरवरच्या धनगरवाडीतून तो चालत येई. दिवाळीनंतर आईबाप मेंढरे घेऊन बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. तोवर हा आजा-आजीपाशी राही. वर्गात तो क्वचितच बोले. मी ठरवून त्याच्या हाती 'बनगरवाडी' दिली. धनगराच्या मुलाने धनगरांची कादंबरी वाचावी, तिच्यात त्याला आपले घर दिसेल, अशी माझी कल्पना. देताना मी ते सगळ्या वर्गापुढे बोलूनही दाखवले: "हे तुमच्या लोकांवरचं पुस्तक आहे बरं का." वर्गातली दोन-चार मुले हसली. तो खाली मान घालून पुस्तक घेऊन गेला.

पहिल्या शनिवारी त्याने वही दाखवली नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला, पुस्तक पुढे ठेवले आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, ह्यात लई चुका हैत. मी नीट केल्यात."

मी पुस्तक उघडले. पात्रांच्या तोंडच्या संवादांतील जवळजवळ प्रत्येक बोलीरूपाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती आणि वर, ओळींच्या मधल्या जागेत, प्रमाण मराठीतील रूप लिहिलेले होते. अक्षर लहान आणि नेटके होते. पान उलटले, पुढचे उलटले, सगळीकडे तेच.

शिक्षक-खोलीत मी ते पुस्तक दाखवले तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग कोणीतरी म्हणाले, की शाळेचे पुस्तक खराब झाले आहे आणि नियमाप्रमाणे किंमत वसूल करायला हवी. पेन्सिलीच्या खुणा होत्या, खोडता आल्या असत्या. परंतु पेटी माझ्या जबाबदारीवर काढलेली होती आणि मी नवी होते. मी मुलाला सांगितले, "पुस्तकात लिहू नये, हे तुला कळायला हवं होतं. घरून कोणाला तरी घेऊन ये."

सोमवारी त्याचा आजा आला. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडे. त्याने धोतराच्या कनवटीची गाठ सोडली, पंचेचाळीस रुपये मोजले आणि टेबलावर ठेवले. लिपिकाने पावती फाडली आणि सांगितले, "किंमत भरली म्हणजे पुस्तक आता तुमचं. घेऊन जा." आजा म्हणाला, "आमास्नी काय करायचं पुस्तक? राहू द्या बाईंच्यापाशी." आणि नातवाकडे वळून म्हणाला, "असल्या नादाला लागू नगंस. अभ्यास कर."

त्या मुलाने पेटीतून पुन्हा पुस्तक घेतले नाही. म्हणजे शनिवारी तो वही दाखवी. तीत पुस्तकाचे नाव, पात्रे, कथानक, तात्पर्य असे सगळे असे. पण ते शेजारच्या मुलाच्या वहीवरून उतरलेले आहे हे मला कळत होते. मी काही बोलले नाही. दहावीला तो उत्तीर्ण झाला. पुढे त्याचे काय झाले, ते मला समजले नाही. मी ती नोकरी सोडून विद्यापीठात भाषाविज्ञान शिकायला गेले.

योगायोग असा, की माझ्या प्रबंधाचा विषय माणदेशी बोलीची क्रियापदव्यवस्था हाच ठरला. टेप रेकॉर्डर घेऊन मी वाड्या-वस्त्यांवर हिंडू लागले. जी रूपे मी फळ्याच्या डाव्या रकान्यात लिहीत असे, तीच आता म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडून ऐकून काळजीपूर्वक टिपून घेऊ लागले. थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की त्या रकान्यात अव्यवस्था कुठेच नव्हती. 'होता'चे 'व्हता' होते, 'होईल'चे 'व्हईल' होते, 'होय'चे 'व्हय' होते. 'हो'ने सुरू होणाऱ्या रूपांत बदल होतो तो ठरावीक वाटेने. 'आला होता'चे 'आल्ता', 'केले होते'चे 'केल्तं', 'गेलो होतो'चे 'गेल्तो'. मुख्य क्रियापद आणि साहाय्यक क्रियापद एकत्र येताना कोणता स्वर गळायचा आणि कोणते व्यंजन राहायचे, याचे नियम बोलणाऱ्याला कोणी शिकवलेले नसतात, पण तो ते मोडत नाही. भाषाविज्ञानाचा पहिलाच धडा हा असतो: बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली प्रत नव्हे. प्रमाणभाषा ही अनेक बोलींपैकी एकीला शिक्षण, छपाई आणि सत्ता यांच्यामुळे मिळालेली प्रतिष्ठा असते. व्यवहारासाठी ती आवश्यक आहे आणि प्रत्येक मुलाला ती आलीच पाहिजे. पण ती शिकवताना घरच्या भाषेला 'अशुद्ध' म्हणण्याची गरज नसते.

एका संध्याकाळी मी माझ्या नोंदी तपासत बसले होते. ताडून पाहण्यासाठी माडगूळकरांनी संवादांत योजलेली रूपे हवी होती, म्हणून ती जुनी प्रत काढली. पेन्सिलीच्या खुणा मी प्रथमच नीट वाचल्या. त्या मुलाने केलेल्या दुरुस्त्यांत एकही चूक नव्हती. लिंग, वचन, काळ, सामान्यरूप, सारे बरोबर. दोन भाषारूपांच्या मधोमध उभे राहून त्याने शेकडो वाक्यांचे बिनचूक रूपांतर केले होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे ही क्षमता होती. शिवाय मी जे शिकवले होते, तेच त्याने प्रामाणिकपणे केले होते. बाईंनी सांगितले की 'व्हतं' ही चूक. छापील पुस्तकात 'व्हतं' दिसले. म्हणजे पुस्तक चुकले. यात हसण्यासारखे काय होते?

पुढे एक गोष्ट दिसली, ती त्या दिवशी शिक्षक-खोलीत कोणीच पाहिली नव्हती, कारण इतकी पाने कोणी उलटलीच नव्हती. खुणा शेवटपर्यंत नाहीत. अर्ध्याच्या पुढे त्या विरळ होत जातात. एका पानावर तीन, पुढच्यावर एक, मग दोन पाने काहीच नाही, मग पुन्हा एक. आणि शेवटच्या भागात, दुष्काळ पडतो आणि वाडीवरून माणसे निघू लागतात तिथे, एकही खूण नाही. पाने मात्र वाचलेली आहेत; कोपरे दुमडून पुन्हा सरळ केलेले आहेत, कडांना बोटांचे डाग आहेत. कुठेतरी मध्येच त्याने दुरुस्ती थांबवली होती आणि तो कादंबरी वाचू लागला होता. आपल्या घरची बोली छापील पानावर पाहून त्याला आधी ती चूक वाटली, आणि वाचता वाचता ती चूक वाटेनाशी झाली. जे शिकवण्यासाठी मला पुढे प्रबंध लिहावा लागला, ते त्या पुस्तकाने त्याला, एकट्याला, तीन आठवड्यांत दाखवले असावे. आणि नेमक्या त्याच क्षणी आम्ही त्याच्याकडून पंचेचाळीस रुपये घेतले.

मित्रहो, वास्तववादी कादंबरी म्हणजे काय, याची व्याख्या या अभ्यासक्रमात तुम्ही अन्यत्र वाचाल. तिचा मराठीतील इतिहासही तुम्हांला ठाऊक होईल: 1857 मध्ये बाबा पदमनजींनी विधवांच्या स्थितीवर लिहिलेले 'यमुनापर्यटन'; 1890 पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागलेली हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?', जिच्यात यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. 1955 ची 'बनगरवाडी'. वऱ्हाडी बोलीचा ठसा असलेली उद्धव शेळके यांची 1960 ची 'धग'. आनंद यादव यांची 1987 ची 'झोंबी'. आणि आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलांचे जग त्यांच्याच बोलण्यातून उभे करणारी मिलिंद बोकील यांची 2004 ची 'शाळा'. परीक्षेसाठी हा क्रम उपयोगाचा आहे. पण शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर या परंपरेचे सांगणे साधे आहे: तुझे घर, तुझी वाडी, तुझ्या आईचे बोलणे, तुझ्या बापाचे कर्ज या गोष्टी लिहिण्याजोग्या आहेत. राजा-राणीच्या गोष्टीतून किंवा साहसकथेतून मुलाला हे कळत नाही. त्यांतून दुसरे पुष्कळ मिळते, पण हे मिळत नाही.

पाठ्यपुस्तकातील उताऱ्यानेही हे पूर्णपणे साधत नाही. आपल्या शालेय मराठीच्या पुस्तकांत 'स्थूलवाचन' असा एक भाग असतो. सूक्ष्म अभ्यासाऐवजी मुलांनी भरभर, आपले आपण वाचावे, हा त्यामागचा चांगला हेतू. पण पाठ संपला की खाली प्रश्न येतात, प्रश्नांना गुण असतात, आणि स्थूलवाचन पुन्हा पाठांतराच्या वाटेला लागते. शिवाय उतारा हा दोन-तीन पानांचा असतो. कादंबरीचे खरे बळ तिच्या लांबीत असते. आठ-दहा दिवस आपण त्या माणसांबरोबर राहतो. मध्ये कंटाळतो, पुस्तक बाजूला ठेवतो, जेवताना त्यांची आठवण येते, पुन्हा उघडतो. एखाद्या पात्राविषयी सुरुवातीला झालेले मत शेवटपर्यंत टिकत नाही. माणसाविषयीचे आपले मत बदलू शकते, हा अनुभव उताऱ्याला देता येत नाही, कारण तेवढा वेळच उताऱ्याजवळ नसतो.

मुलांनी स्वतंत्रपणे वाचावे याचा अर्थ केवळ 'एकट्याने वाचावे' एवढाच नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी मुक्त, ऐच्छिक वाचनाचा पुरस्कार केला. पुस्तक मुलाने निवडावे, आवडले नाही तर सोडावे, वाचल्यावर सारांश वा प्रश्नोत्तरे मागू नयेत. अशा वाचनातून शब्दसंपत्ती, लेखन, व्याकरण यांची जाण आपोआप वाढते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर वादही झाले आहेत. 2000 साली अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने शाळेत नुसता मूक वाचनाचा तास ठेवल्याने वाचनकौशल्य वाढते असे ठरवण्याइतका प्रायोगिक पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. ज्या मुलाला अजून अक्षरे जुळवून वाचण्याचे कष्ट पडतात, त्याला पुस्तक देऊन एकटे सोडणे ही जबाबदारीतून सुटका करून घेणे होय. त्याच्याजवळ बसावे लागते. पण ज्याला वाचता येते, त्याच्याजवळ सतत बसून राहणे हाही अडथळाच. फ्रान्समधील शिक्षक आणि कादंबरीकार डानिएल पेनाक यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा हक्क, पाने गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क असे ते हक्क आहेत. त्यांतील दहावा हक्क गप्प राहण्याचा आहे. वाचले ते कोणाला न सांगण्याचा.

हा दहावा हक्क वास्तववादी कादंबरीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मी अनुभवाने सांगते. परीकथा वाचून मुलाने वर्गापुढे उभे राहून ती सांगितली, तर त्याचे काही उघडे पडत नाही. पण ज्या कादंबरीत दारू पिणारा बाप आहे, सावकार आहे, जातीवरून होणारा अपमान आहे, ती वाचणाऱ्या मुलाच्या घरी यांतले काही असेल, तर 'आवडलेला प्रसंग' हा मथळा त्याच्यासाठी कोडे होतो. त्याला जो प्रसंग भिडला, तो तो लिहीलच असे नाही. जो लिहिणे सोयीचे, तो तो लिहील. म्हणजे आपण त्याला वाचायला नव्हे, लपवायला शिकवू. मी त्या मुलाला सगळ्या वर्गापुढे 'तुमच्या लोकांवरचं पुस्तक' म्हणून कादंबरी दिली, तेव्हा ती त्याच्यासाठी वाचण्याआधीच एक चिठ्ठी झाली होती, त्याच्या पाठीवर चिकटवलेली. कदाचित त्याला फास्टर फेणे हवा असेल. मी विचारले नव्हते. आपल्यासारख्यांची गोष्ट वाचण्याचा हक्क जसा मुलाला आहे, तसा आपल्याहून अगदी निराळ्यांची गोष्ट वाचण्याचाही आहे. म्हणून पेटीत दोन्ही असावे, आणि हात त्याचा असावा.

पालकांना आणखी एक भीती असते. वास्तववादी कादंबऱ्यांत शिव्या असतात, मारहाण असते, स्त्री-पुरुष संबंध असतात, मुले बिघडतील. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. सगळी पुस्तके सगळ्या वयांसाठी नसतात. सहावीतल्या मुलाच्या हाती मी 'धग' ठेवणार नाही. त्यातील कौतिकचे हाल त्याला पेलणार नाहीत. नववी-दहावीतल्या मुलाने ती मागितली, तर मात्र नाही म्हणणार नाही, आणि घरात असेन, एवढे पाहीन. मूल वाचताना अस्वस्थ झाले तर ते आपल्याकडे येऊ शकेल, इतके जवळ असावे. विचारण्याची गरज पडू नये, पण त्याने विचारले तर पुस्तक वाचलेले कोणीतरी घरात असावे. यासाठी मोठ्यांनीही ते वाचलेले असले पाहिजे, आणि इथे तुमच्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या घरांना एक लाभ आहे, जो इतर घरांना नाही. तुमच्या घरी अभ्यासक्रमाची पुस्तके येतात.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रात मी 'झोंबी'वर बोलत होते. ही आनंद यादवांची आत्मचरित्रात्मक कादंबरी. कागलच्या एका कुळवाडी घरातला मुलगा शाळा शिकू पाहतो आणि बाप त्याला शेतावर राबवू पाहतो. त्या ओढाताणीची ही कथा. या कादंबरीला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तास संपल्यावर चाळिशीतले एक विद्यार्थी थांबले. एस. टी.त वाहक होते. म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. 'झोंबी' मी घरी टेबलावर ठेवली होती. माझा मुलगा नववीत आहे. त्यानं ती उचलून वाचायला घेतलीय. शाळेचं पुस्तक हातात धरत नाही, पण ही रात्री बारापर्यंत वाचतोय. मी त्याला काय विचारू? म्हणजे त्याला समजतंय का, हे कसं बघू?"

मी म्हणाले, "काही विचारू नका. पुस्तक परत मागू नका. तुम्हांला अभ्यासाला लागलं, तर मी दुसरी प्रत देते."

त्यांना ते फारसे पटल्यासारखे दिसले नाही. महिन्याने पुढच्या सत्रात ते पुन्हा थांबले. म्हणाले, "मी काहीच विचारलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून. आठ दिवसांनी जेवताना त्यानंच विचारलं. पप्पा, तुमची शाळा का सुटली? आज्यानं सोडवली का तुम्ही सोडली?" थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "इतक्या वर्षांत घरात हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं त्याला सगळं. माझे वडील वाईट नव्हते, हेही सांगितलं. दोन एकर जिरायत आणि सहा माणसं. तो ऐकत बसला. मग म्हणाला, म्हणजे 'झोंबी'तल्या बापासारखंच."

यावर मी काही बोलले नाही. मुलाला कादंबरी 'समजली' का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले होते. गुणपत्रिकेत ते कुठे नोंदवता आले नसते. पण मला जाणवले, की पहिल्या आठवड्यात वडिलांनी 'सांग बघू, काय वाचलंस?' असे विचारले असते, तर मुलाने कथानक सांगितले असते, आणि तो दुसरा प्रश्न त्याच्या मनातच राहून गेला असता.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. मुले एक-दोन तास पुस्तक हाती घेऊन बसतात, छायाचित्रे काढली जातात. त्याला माझा आक्षेप नाही. निदान त्या दिवशी कपाटाचे कुलूप तरी निघते. पण वाचनाची गोडी त्या एका दिवशी लागत नाही. ती लागते घरात टेबलावर पडून राहिलेल्या पुस्तकाने, गावातल्या 'ड' वर्गाच्या का होईना पण उघड्या असलेल्या ग्रंथालयाने, आणि मूल वाचत असताना त्याला दुकानात न पाठवणाऱ्या मोठ्या माणसाने. तुमच्यातील जे शिक्षक आहेत, त्यांनी आठवड्यातील एक तास असा राखून पाहावा, की त्या तासाला मुले स्वतः निवडलेले पुस्तक वाचतील, शिक्षकही स्वतःचे पुस्तक वाचतील आणि तास संपल्यावर काहीही विचारले जाणार नाही. नोंद ठेवायचीच असेल तर तारीख आणि पुस्तकाचे नाव, एवढीच ठेवावी. सहावा मथळा नको.

या पाठाखालीही स्वाध्यायाचे प्रश्न असतील. ती अशा पुस्तिकेची रीत आहे आणि तिला कारण आहे. तुम्हांला परीक्षा द्यायची आहे आणि प्रश्नांशिवाय तयारी होत नाही. ते प्रश्न जरूर सोडवा. फक्त अभ्यासाला नेमलेल्या कादंबऱ्यांपैकी एखादी आधी एकदा, पेन्सिल बाजूला ठेवून, वाचून पाहा. आणि वाचून झाल्यावर ती कपाटात न ठेवता मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा.

'बनगरवाडी'ची ती प्रत मी अजून सांभाळून ठेवली आहे. पावती त्याच्या आजाच्या नावाची आहे, तेव्हा पुस्तक त्या घराचे आहे. कधी भेट झाली तर ते परत करायचे आणि त्या दिवसाबद्दल माफी मागायची, एवढे ठरवले आहे. तो मुलगा आता पंचेचाळिशीच्या घरात असेल. मधूनमधून मी ते पुस्तक उघडते आणि सरळ शेवटच्या, खुणा नसलेल्या पानांवर जाते. ती पाने वाचताना त्याला काय वाटले असेल, हे मला ठाऊक नाही. पूर्वी ते जाणून घ्यावेसे फार वाटे. आता वाटते, ते त्याचे आहे; मला ते कळण्याचे काही कारण नाही.